तिसऱ्या ओळीतला श्वास

“उठता का जरा, एस्तरताई? नओमीला आजपासून मी साथ करतो.”

जयवंतराव माझ्या पाठीमागं येऊन उभे राहिले होते. माझे हात अजून पियानोवरच होते, तरी त्यांनी स्टुलाची कड धरली. गोड हसत धरली. त्या माणसाचं सगळंच गोड. मी बाबांकडं बघितलं. बाबा आरामखुर्चीत बसून अंजीर खात होते, तेही जयवंतरावांनीच आणलेले.

“ऊठ की गं,” बाबा म्हणाले. “घरचंच माणूस आहे आता.”

उठले. काय करणार? पण डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता! तो पियानो आमच्या घरात आल्यापासून त्या स्टुलावरून मला कुणी उठवलं नव्हतं.

तेव्हा आम्ही नगरला राहायचो, चर्चच्या मागच्या चाळीत. पियानो एका म्हाताऱ्या मडमेचा. विलायतेला परत जाताना ती तो बाबांच्या गळ्यात मारून गेली होती. एका पायाला वाळवी लागली होती, तिथं आम्ही विटा लावल्या होत्या. पण सूर मात्र खणखणीत. बाबा चर्चच्या गायकवृंदाचे पुढारी. मी पोरांच्या शिकवण्या घ्यायची आणि रविवारी चर्चमध्ये वाजवायची. लग्न केलं नव्हतं, करायचंही नव्हतं, आणि त्यावरून कुणी बोललं तर मी दुप्पट बोलायची. नओमी माझ्यापेक्षा बरीच लहान. आई गेली तेव्हा ती शाळेतही जात नव्हती, त्यामुळं बहीण कसली, लेकच माझी. गळा असा की पाळकसाहेबसुद्धा डोळे पुसायचे. पण लहानपणापासून तिला दम्याचा त्रास. गाताना हसू यायचं तिला, आणि हसली की धाप लागायची.

आई गेल्यावर बाबांनी एक गीत रचलं होतं. पाच कडव्यांचं, तीनच्या ठेक्यात. आमच्या घरातल्या प्रत्येक मंगल कार्याला ते व्हायचंच. नओमीच्या जयवंतरावांशी होणाऱ्या साखरपुड्याला ते तिनंच म्हणायचं, मग मुलाच्या आईनं अंगठी पाळकसाहेबांच्या हातात द्यायची, असं ठरलं होतं.

तीनच्या ठेक्यात डाव्या हाताला काम सोपं असतं. करंगळीनं खाली एक सूर, मग वर दोनदा कॉर्ड, म्हणजे तीन सूर एकदम. खाली एक, वर दोन. माझ्याकडची आठ वर्षांची पोरंही वाजवतात. पण त्या गीताची तिसरी ओळ लांबलचक, आणि तिच्या मधोमध नओमीला श्वास घ्यावाच लागायचा. तिथं मी डावा हात बदलायची. कॉर्ड एकदम वाजवायची नाही. तिचे सूर एकेक करून सोडायचे, खालून वर, परत खालून वर, आणि पोरगी श्वास घेईपर्यंत तिथंच घुटमळायचं. कधी पटकन व्हायचं, कधी वेळ लागायचा. ऐकणाऱ्यांना वाटायचं, चालच तशी आहे.

जयवंतराव बसले. बोटं लांब, नखं कापलेली, शर्टाच्या बाह्या इस्त्रीच्या. सोलापूरला बँकेत ऑफिसर, सुट्टीला नगरला यायचे; बोर्डिंगच्या शाळेत पियानो शिकलेले. वाजवायला लागले आणि खरं सांगते, मीसुद्धा कान टवकारले. स्वच्छ वाजवायचे. खाली एक, वर दोन. कुठं सूतभर इकडंतिकडं नाही.

तिसरी ओळ आली. नओमी मधे श्वासाला थांबली. डावा हात थांबला नाही. ती धावत मागून आली, दोन शब्द खाल्ले आणि हसली.

“पुन्हा,” जयवंतराव म्हणाले.

पुन्हा तेच. या खेपेला तिनं श्वास घ्यायला तोंड उघडलं मात्र, त्यांचा डावा हात जड झाला. अंगठा आणि करंगळी ताणून खर्जातला एकच सूर दोन सप्तकांत एकदम आपटायला लागले. आमच्या विटा हलल्या. नओमी दचकली आणि श्वास न घेताच पुढं गेली. ओळीच्या शेवटी तिला खोकल्याची उबळ आली.

“तिथं थांबावं लागतं हो,” मी म्हटलं. “तिला दमा आहे.”

“सवय लावली की दमाही शिस्तीत राहतो, ताई.” मान वळवून हसले. “मी काही ओरडलो का तिच्यावर?”

नव्हते ओरडले. तेच तर.

“ठेका बघ कसा धरलाय पोरानं!” बाबा खूश. “नाहीतर तू. लाड करून करून तिचा ताल बिघडवलास.”

बाबांना तालाचं भारी वेड. गायकवृंदात कुणी अर्धी मात्रा घसरलं तरी हातातली पट्टी टेबलावर आपटायचे. त्यांना असा जावई म्हणजे देवानं धाडलेला वाटत होता, आणि त्यात त्यांची चूक तरी काय म्हणू? तालात वाजवणारा माणूस वाईट असतो, असं कुणी कधी ऐकलंय का?

नओमी तर हवेतच होती. भांडी घासता घासता म्हणाली, “बँकेतला ऑफिसर, आणि वर पियानो वाजवतो! ताई, तुला असा कुणी भेटला असता तर?”

“मी त्याला स्टुलावर बसू दिलं नसतं.”

“म्हणूनच नाही भेटला!” असं म्हणून तिनं साबणाचं पाणी माझ्यावर उडवलं. मी तिच्या पाठीत धपाटा घातला. दोघी हसलो. पण तालीम झाली की ती आता छातीवर हात ठेवून बसायची, ते मी बघत होते.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी जयवंतराव आईला घेऊन आले. आपल्या गाडीनं आले. नगरात तेव्हा गाड्या मोजक्या, त्यामुळं चाळ गॅलरीत गोळा झाली. सगुणाकाकू म्हणजे ठेंगणी, गोरटेली बाई, जाड भिंगाचा चष्मा. स्वयंपाकघरात आल्या आणि पाटावर बसल्या बसल्या जो तोंडाचा पट्टा सुरू केला! शेंगाची चटणी उखळात कुटली तरच तेल सुटतं, मिक्सरचं काय खरं नाही. शेजारणीची शेळी त्यांच्या अंगणात येऊन तुळस खाऊन गेली, तर शेजारीण म्हणते कशी, तुम्हाला हो कशाला लागते तुळस, तुम्ही तर ख्रिस्ती! नओमी हसून हसून लोळायची बाकी राहिली. मला बाई आवडल्या. म्हटलं, चला, सासू तरी माणसात आहे.

जेवायला सगळे टेबलाशी बसलो. बाबांनी आशीर्वाद मागितला. सगुणाकाकूंनी घास घेतला आणि परत सुरू झाल्या, “अहो भाऊ, त्या शेळीचं पुढं काय झालं, तर आमचा घरमालक…”

आणि थांबल्या. मधेच. घास घेतलेला हात ताटातच राहिला.

मला वाटलं मिरची लागली. मी पाणी पुढं केलं. त्यांनी मान हलवली आणि खाली बघून जेवायला लागल्या. बाबा मटणाच्या नळीत गुंतले होते, त्यांचं लक्षच नव्हतं. थोड्या वेळानं मीच म्हटलं, “काकू, घरमालकाचं काय झालं?”

त्यांनी तोंड उघडलं. आणि या वेळी मला ऐकू आलं. जयवंतरावांचा डावा हात टेबलावर होता. करंगळीची एक टिचकी, मग मधल्या दोन बोटांच्या दोन. हळूच. खाली एक, वर दोन. ते बघत होते बाबांकडं, बोलत होते बँकेतल्या कर्जाविषयी, हात आपला आपण वाजत होता.

सगुणाकाकूंनी तोंड मिटलं.

मी त्या बोटांकडं बघत राहिले. पण वाटलं, एस्तर, तुझंच डोकं फिरलंय. स्टुलावरून उठवलं म्हणून तू त्या माणसात खोड्या काढतेस. तेवढ्यात नओमी बोलायला लागली. ती शाळेत शिकवायची, तिच्या वर्गातला एक पोरगा परीक्षेत पेपरवर कोंबडीचं चित्र काढून गेला होता, ती गंमत. दोन्ही हात पसरून सांगत होती, “आणि हेडबाईंनी तो पेपर उचलला, आणि बाबा, त्या म्हणतात…”

टिचकी. मग दोन.

नओमी गप्प झाली. शब्दाच्या मधोमध. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, राग नाही, भीती नाही. तिनं भाताची मूद मोडली आणि कालवायला लागली.

“मग? काय म्हणाल्या हेडबाई?” बाबांनी विचारलं.

“काही नाही,” नओमी म्हणाली.

जेवणं झाल्यावर मी तिला मोरीत ओढलं. “तू मधेच का थांबलीस?”

“कुठं थांबले?”

“कोंबडीचं सांगताना. त्यांनी बोटं वाजवली आणि तू थांबलीस.”

तिला खरंच आठवेना. मग हळूहळू आठवलं, आणि तिचा चेहरा उतरला. “ते चिडत नाहीत गं ताई कधी. आवाजसुद्धा चढवत नाहीत. पण मला कळतं.”

“काय कळतं?”

“की आता पुरे.”

“नओमी, अजून अंगठीसुद्धा घातलेली नाही तुझ्या बोटात!”

“मग काय सांगू मी लोकांना?” ती एकदम उसळली. “बोटं वाजवतो म्हणून मोडलं? हसतील लोक! बाबांनी गावभर पेढे वाटलेत.”

तिचंही बरोबर होतं. मी बाबांना सांगून बघितलं, तर ते हसलेच. “अगं, वाजवणाऱ्या माणसाची बोटं चाळा करतातच. तुझी नाही का करत?”

बाहेरच्या खोलीत आले तर जयवंतराव एकटेच पियानोशी बसले होते. नुसता डावा हात चालला होता.

“ताई,” माझ्याकडं न बघताच म्हणाले, “डावा सांगेल ते उजव्यानं ऐकायचं असतं. तेवढं जमलं की सगळं जमतं. घराचंही तसंच.”

“मी उलटं शिकवते,” मी म्हटलं. “उजवा अडखळला तर डाव्यानं त्याला सांभाळायचं.”

“म्हणून तुमच्याकडची मुलं कच्ची राहतात,” ते म्हणाले. आणि गोड हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमची बाहेरची खोली माणसांनी भरली. गायकवृंद सगळा आला होता. नओमीनं आकाशी रंगाचं पातळ नेसलं होतं, केसात अबोली. पाळकसाहेबांच्या शेजारच्या खुर्चीत सगुणाकाकू, मांडीवर अंगठीची लाल डबी. मी भिंतीला टेकून उभी. तिला हाताला धरून मागच्या दारानं न्यावं असं वाटत होतं, आणि नेऊन सांगणार काय, ते सुचत नव्हतं.

जयवंतरावांनी सुरू केलं. तालमीत होता त्यापेक्षा ठेका जलद होता. पहिल्या कडव्याची तिसरी ओळ नओमीनं श्वास न घेता ओढून नेली. दुसऱ्यात तिचा आवाज चिरकला. लोक कौतुकानं हसले, नवरी लाजली म्हणून. तिसऱ्या कडव्यात तिसऱ्या ओळीशी ती थांबली. ओठ पांढरे पडले होते.

पियानो थांबला नाही. डावा हात एकटाच चालत राहिला. खाली एक, वर दोन. मग खर्ज आपटायला लागला. नओमी तोंड उघडत होती, आवाज येत नव्हता. मला तिची छाती भात्यासारखी हलताना दिसत होती. मी भिंत सोडली.

“थांब रे.”

सगुणाकाकू होत्या. पियानो चालूच.

“जयवंता, थांब! पोरीला श्वास घेऊ दे!”

पियानो थांबला. खोलीत नुसती नओमीची घरघर. जयवंतराव मागं वळले. तोंडावर तेच हसू. डावा हात पियानोच्या लाकडावर गेला. टिचकी, मग दोन. सगळ्यांच्या समोर, आणि कुणालाच काही कळलं नाही.

सगुणाकाकूंचं तोंड मिटत आलं. मिटलंच होतं. मग त्यांनी नओमीकडं बघितलं.

“वाजव,” त्या म्हणाल्या. “वाजव किती वाजवायचं ते. भाऊ, ही अंगठी मी देत नाही. याच्या बापाला काठी लागायची, याला नुसती बोटं पुरतात. ऐकलं नाही तर कोठीच्या खोलीला बाहेरून कडी. सकाळी घातली तर दिवेलागणीला निघते. मी काढते तिथं दिवस, माझं काय. पण या पोरीला दमा आहे. त्या खोलीला खिडकी नाही हो!”

बाबांनी हातातलं पेढ्यांचं ताट खाली ठेवलं.

जयवंतराव उठले, रुमालानं हात पुसले. “माफ करा हं सगळ्यांनी. आईच्या डोक्याच्या गोळ्या चालू आहेत. प्रवासानं होतं असं कधीकधी.”

आणि खोलीनं चक्क सुस्कारा सोडला! लोकांना तेच ऐकायचं होतं. एक बाई “अरेरे” म्हणाल्या. पाळकसाहेबांनी मान डोलावली.

“आई, चल. गाडीत बस.”

आणि सगुणाकाकू उठल्या. एवढं बोललेली बाई, डबी खुर्चीवर ठेवून, पदर सावरून दाराकडं चालायला लागली. मी आजही ती चाल विसरले नाही. पायच चालत होते, बाई त्यात नव्हती.

“काकू, बसा,” नओमी म्हणाली. धाप लागली होती, एकेक शब्द ओढून काढत होती. “माझं गीत राहिलंय. ताई, वाजव.”

मी स्टुलावर बसले.

आता आमच्या मंडळीत एक रीत आहे. गीत सुरू असताना कुणी मधेच उठून जायचं नाही. तान्हं पोर रडलं तरी आई कडवं संपेपर्यंत बसून राहते. हे आमच्या हाडात भिनलेलं असतं. जयवंतरावांच्याही होतं. पाळकसाहेबांच्या देखत गीताच्या मधून आईला ओढून नेणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. नओमीनं पहिला शब्द उच्चारला आणि सगुणाकाकू होत्या तिथल्या खुर्चीत बसल्या. जयवंतराव दाराशी गाडीची किल्ली धरून उभे राहिले. गीत संपायची वाट बघत.

तिसऱ्या ओळीशी मी सूर सोडत राहिले, खालून वर, खालून वर. नओमीनं सावकाश श्वास घेतला. पाचवं कडवं आलं, संपत आलं. दाराशी किल्ली वाजली. “आई,” ते म्हणाले.

मी शेवटचा सूर लावलाच नाही. डावा हात तसाच पुढं नेला. नओमीनं माझ्याकडं बघितलं, तिला समजलं. तिनं परत पहिलं कडवं धरलं.

पाच कडवी परत झाली. मग परत. शेवटी रीत मोडून जयवंतराव एकटेच बाहेर जाऊन गाडीत बसले आणि हॉर्न वाजवायला लागले. हॉर्न वाजला की सगुणाकाकूंची टाच उचलायची. माझं मनगट भरून आलं होतं. मग मी साथ बदलत राहिले, नाहीतर हात गळून पडला असता. एका कडव्याला खाली एक वर दोन, पुढच्याला सुटे सूर, मग नुसत्या सबंध कॉर्ड धरून ठेवायच्या, मग खालचा सूर एकटाच. जे जे पोरांना शिकवलं होतं ते सगळं काढलं. नओमीचा आवाज बसत चालला होता. तिसऱ्या ओळीशी तिला आता फार वेळ लागायचा. आणि एका खेपेला तिला परत सूर धरताच आला नाही. मी सूर फिरवत राहिले, फिरवत राहिले, मनात म्हणत होते, देवा, आता संपलं.

बाबा गायला लागले. बेसूर, रडवेल्या आवाजात. तालावर जीव टाकणारा माझा बाप, तिच्यासाठी हात वर धरून ओळीच्या मधे थांबला होता. मग गायकवृंदातल्या बायका आल्या, मागून पुरुष. सगळ्यांनी बाबांच्या हाताकडं बघत श्वास घेतला. पाळकसाहेबही उभे राहिले.

हॉर्न बराच वेळ वाजत राहिला. मग गाडी चालू झाल्याचा आवाज आला, फाटकाशी गिअर कुरकुरला आणि आवाज स्टेशन रस्त्याकडं लांब लांब गेला. तरी आम्ही ते कडवं संपवलं. मग मी शेवटचा सूर लावला.

“गेला?” सगुणाकाकूंनी विचारलं.

बाबांनी खिडकीतून बघितलं. “गेला.”

“माझी पिशवी गाडीतच राहिली,” सगुणाकाकू म्हणाल्या. “दोन पातळं होती त्यात.”

“माझी नेसा,” नओमी म्हणाली. ती त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली होती, भिंतीला डोकं टेकून, नुसता श्वास घेत.

“तुझी मला लांब होतील गं,” सगुणाकाकू म्हणाल्या, आणि मग मोठ्यानं, तोंड उघडं टाकून रडायला लागल्या. आम्ही कुणी त्यांना गप्प केलं नाही.